शब्द देणारे आबा आणि शब्द विसरलेले आबा : माणूस एकच का?

मांजराकाठ · सोमवार, रात्री ९:१२

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे थोरले चुलते, आबा, ऐंशीच्या पुढे आहेत. गाव केज तालुक्यात. त्यांच्याकडे एक सालगडी पाडवा ते पाडवा अशी कित्येक सालं टिकून राहिला. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो, अजून म्हणतो. आबा चांगले खणखणीत असताना त्यांनी चार माणसांत मामाला शब्द दिला होता, की विहिरीखालचं दोन एकर तुझ्या नावावर करून देतो. मी तिथं होतो. कागद मात्र झाला नाही. यंदा सुगी झाली की करू, पोरीचं लग्न उरकलं की करू, असं करत राहून गेलं.

आता आबांना स्मृतिभ्रंश आहे. मामा ओसरीवर येऊन बसला की "हे पाव्हणे कुठले?" म्हणून विचारतात. जमिनीचा विषय काढला तर कोणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटून घाबरतात.

घरात दोन तट पडलेत. चुलतभाऊ म्हणतो, "शब्द देणारे आबा आता राहिलेच नाहीत. हे वेगळेच कोणीतरी आहेत, यांच्यावर त्यांचं ओझं कशाला?" चुलतबहीण म्हणते, "मग रोज सकाळी मी अंघोळ कोणाला घालते?"

बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता, म्हणून हे डोक्यातून जात नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवं प्रकरण घातलं. त्यात तो म्हणतो, देह म्हणून माणूस एक गोष्ट आणि व्यक्ती ही दुसरी. जाणीव मागं जिथवर पोचते तिथवर ती व्यक्ती. राजपुत्राच्या आठवणी चांभाराच्या देहात शिरल्या तर ती व्यक्ती राजपुत्रच. या हिशेबानं चुलतभाऊ बरोबर ठरतो आणि मला तेच खुपतंय.

तर प्रश्न असा : काळ लोटल्यावर माणूस तोच आहे हे कशावरून ठरवायचं? देहावरून, आठवणीवरून, स्वभावावरून, की आणखी कशावरून? जमिनीचं काय करायचं ते विचारत नाही, ते आमचं आम्ही बघू.

कोरडवाहू · सोमवार, रात्री ९:२०

"जमिनीचं विचारत नाही" असं लिहिलंत ना, आता बघा, सगळे जमिनीवरच बोलतील.

वकील_अंबाजोगाई · सोमवार, रात्री ९:४१

कोरडवाहू, तुमचा मान राखतो. :)

जमीन वडिलोपार्जित की आबांची स्वकष्टार्जित? हे आधी सांगा, बाकीचं नंतर. नुसत्या तोंडी शब्दानं शेतजमीन बक्षीस जात नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. आणि आज आबांचा हात धरून अंगठा घ्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका, टिकणार नाही. वर भानगड होईल ती वेगळीच.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल एक गंमत सांगतो. कायदा माणूस "तोच" आहे का यात शिरतच नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२ फक्त एवढं विचारतं, की करार करतेवेळी माणसाची बुद्धी शाबूत होती का. मृत्युपत्राचंही तसंच. शहाणपणी केलेलं मृत्युपत्र पुढं बुद्धी गेली म्हणून रद्द होत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी कालचे आबा आजच्या आबांना बांधून ठेवू शकतात. फक्त कालच्या आबांनी कागद करायला पाहिजे होता.

निवृत्त_मास्तर · सोमवार, रात्री १०:२५

मांजराकाठ, लॉकवर इतक्या लवकर मान तुकवू नका. त्याची खोड १७८५ सालीच थॉमस रीड या तत्त्वज्ञानं काढून ठेवली आहे.

एक पोरगा बागेत चोरी करतो म्हणून शाळेत फटके खातो. तोच मोठा होऊन सैन्यात अधिकारी होतो आणि पहिल्याच मोहिमेत शत्रूचं निशाण हिसकावतो. म्हातारपणी तो सेनापती होतो. अधिकाऱ्याला फटके आठवतात. सेनापतीला निशाण आठवतं, फटके मात्र साफ विसरलेत. लॉकच्या नियमानं पोरगा म्हणजे अधिकारी, अधिकारी म्हणजे सेनापती, पण सेनापती म्हणजे पोरगा नव्हे! असं कसं चालेल? अ बरोबर ब, ब बरोबर क, तर अ बरोबर क हे सातवीच्या पोराला कळतं.

लॉकच्या बाजूच्या नंतरच्या मंडळींनी यावर डागडुजी केली. आजच्या माणसाला अगदी पहिली गोष्ट थेट आठवायला पाहिजे असं नाही. आजचं कालशी जुळलेलं, कालचं परवाशी जुळलेलं, अशी साखळी अखंड असली की झालं. अंबाडीचा दोर बघा, त्यातली एकही शिर या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही, तरी दोर एकच. आबांचा दोर झिजलाय, तुटलेला नाही. एका रात्रीत तर ते विसरले नाहीत ना?

मांजराकाठ · सोमवार, रात्री १०:३३

नाही सर, चार-पाच वर्षांत हळूहळू. आधी उधारी विसरायला लागले, मग वार, मग माणसं.

नर्सताई_नांदेड · मंगळवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी संपवून लिहितेय, चुकीचं शुद्धलेखन पोटात घाला.

तुम्ही सगळे आठवण आठवण करताय, पण आठवण एक प्रकारची नसते. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. स्वतःच्या मुलाला "साहेब, तिकीट?" विचारायचे. बायकोचं नाव सांगता यायचं नाही. पण हातावर सुट्टे पैसे ठेवले की न बघता बोटांनी मोजून द्यायचे, एक रुपया चुकायचा नाही. आणि म्हातारी बाई दिसली की उठून जागा करून द्यायचे. आता सांगा, गेलं काय आणि राहिलं काय?

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनचं उदाहरण नर्सिंगला शिकवतात. १९५३ मध्ये फेफऱ्यासाठी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन काही लक्षातच राहिनासं झालं. तरी आरशात बघून आकृती गिरवायचं काम त्यांना रोज थोडं जास्त जमत गेलं, आणि रोज त्यांना वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. २००८ मध्ये वारले. इतकी वर्षं "तेच" हेन्री होते की नव्हते? त्यांना सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही.

कोरडवाहू · मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, सुट्टे पैसे परत करणारा कंडक्टर म्हणजे तो तोच नव्हता, हे सिद्ध झालं. (हलकं घ्या)

नागसेनवनी · मंगळवार, दुपारी १:१५

या विषयावर लॉकपर्यंत जायची गरज नव्हती, आपल्या दारातच उत्तर आहे. मी मिलिंदचा विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याचं नाव मिलिंद आणि आवाराचं नाव नागसेनवन. आत शिकलेल्या कित्येकांना ही दोन नावं एकत्र का आली ते माहीत नसतं. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक वंशाचा राजा, राजधानी सागल. नागसेन हा भिक्खू. दोघांचा संवाद पालीत आहे आणि त्यात हा प्रश्न येतो.

रथाचा दाखला बहुतेकांनी ऐकला असेल. राजा रथातून आला म्हणतो. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? नाही, नाही, नाही. मग रथ कुठाय? सगळे भाग एका रीतीनं जुळले की त्याला व्यवहारात रथ म्हणायचं, आत वेगळा "रथपणा" बसलेला नसतो. माणसाचंही तेच.

पण मांजराकाठ, तुमच्या कामाचा भाग पुढं आहे. राजा विचारतो, जर "तोच" कोणी नसतो तर मग केल्या कर्मातून माणूस सुटला का? नागसेन म्हणतो, समजा एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर चोर म्हणतो, "महाराज, यानं लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. मी याचे आंबे चोरलेच नाहीत." सोडाल का त्याला? राजा म्हणतो, नाही सोडणार, कारण नंतरचे आंबे त्या आधीच्यांतूनच आले.

आणखी एक. एकानं देज (मुलीसाठी द्यायची रक्कम) देऊन लहान मुलगी मागणी घातली आणि तो परगावी गेला. मुलगी मोठी झाल्यावर दुसऱ्यानं तिच्याशी लग्न केलं आणि वर म्हणाला, "तू मागणी घातलीस ती पोर वेगळी, ही बाई वेगळी." राजा निकाल पहिल्याच्या बाजूनं देतो. (मुलीला कोणी विचारलं नाही हे मलाही दिसतं, काळ जुना आहे.)

तिसरं, एकानं गवळ्याकडून दुधाचं भांडं विकत घेतलं आणि त्याच्याकडेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं दही झालं. तो म्हणतो, मी दूध घेतलं होतं, दही नाही, माझं दूध दे. इथं राजा गवळ्याच्या बाजूनं.

तिन्हींत पळवाट काढणारा एकच गोष्ट बोलतोय : "ते वेगळं, हे वेगळं." तुमचा चुलतभाऊ त्या रांगेत चौथा. नागसेनाचं म्हणणं इतकंच, की ना तोच, ना अगदी दुसरा. परंपरा एक आहे, म्हणून देणं लागतं.

बदनापूरकर · मंगळवार, दुपारी १:३८

आंबे केसर होते का? तसं असेल तर चोराला समजून घ्यायला पाहिजे.

योगेश्वरी · मंगळवार, संध्याकाळी ५:००

नागसेनवनी सर, मांडणी फार नेटकी. पण विरुद्ध बाजू ऐकल्याशिवाय निकाल कसा लावायचा?

न्यायदर्शनाची, म्हणजे टिकणारा आत्मा मानणाऱ्या आपल्या जुन्या तर्कपरंपरेची, बौद्धांवर मोठी तक्रार इथंच आहे. जो काही क्षण टिकतो आणि जातो, त्याचं केलेलं वाया गेलं. आणि पुढच्या क्षणी जो येतो, त्याला न केलेल्याचं फळ भोगावं लागलं. याला कृतनाश आणि अकृताभ्यागम असे दोन दोष म्हणतात. आबांनी शब्द दिला, तो पाळायला ते उरले नाहीत. आजच्या आबांनी दिलाच नाही, तरी त्यांच्या मानगुटीवर. परंपरा एक आहे म्हणून भागत नाही. बापाची आणि मुलाचीही परंपरा एकच असते, म्हणून बापाच्या गुन्ह्यात मुलाला आत टाकत नाहीत.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच बघा : जे डोळ्यांनी पाहिलं तेच मी आता हातानं चाचपतो, हे "मी" दोन्हीकडे एकच असल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि त्याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी एका ओळीत सांगून टाकलंय, दुसऱ्यानं पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. टिकणारा आत्मा मानला की आबा तेच आहेत, आठवो न आठवो. आठवण ही आत्मा टिकतो याची खूण आहे, आत्म्याच्या टिकण्याचं कारण नव्हे. खूण पुसली म्हणून वस्तू गेली का?

नागसेनवनी · मंगळवार, संध्याकाळी ५:४७

बाप-मुलाचा मुद्दा चांगला आहे, ताई. पण मुलगा बापाच्या कर्मातून घडत नाही, नुसता जन्मतो. आजचे आबा मात्र कालच्या आबांच्याच सवयी, देह, भीती, प्रेम यातून घडलेत. नर्सताईंचा कंडक्टर आठवा.

आणि आत्मा मानून अडचण सुटते कुठं? माझ्या आतला आत्मा रात्रीतून बदलून दुसरा ठेवला, आठवणी सगळ्या त्याच ठेवल्या, तर सकाळी मला कळणार आहे का? लॉकचाही हाच चिमटा होता. ज्याचा पत्ताच लागत नाही त्याच्या भरवशावर देण्याघेण्याचा निकाल कसा लावता?

योगेश्वरी · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

कळणार नाही म्हणून नाहीच, हे तुमचं नेहमीचं. रात्री सविस्तर लिहिते, आता क्लास आहे.

तेरणाकाठ · मंगळवार, रात्री ८:२२

अवांतर आहे. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांची पुन्हा वसाहत दुसऱ्या जागी झाली. नाव तेच, ग्रामपंचायत तीच, माणसं तीच (उरली ती). घरं वेगळी, गल्ल्या सरळ रेषेत, शेजार बदललेला. आमची आई अजूनही "गावात जाऊन येते" म्हणाली की ओळखायचं, ढिगाऱ्यापाशी देवाला चाललीय. नवीन ठिकाणाला ती गाव म्हणत नाही. आम्ही म्हणतो. कोण बरोबर?

बदनापूरकर · मंगळवार, रात्री ८:३०

मग शहराचं नाव बदललं तर शहर तेच राहतं का यावरपण बोलू की

संपादक · मंगळवार, रात्री ८:५८

नामांतरावर वेगळा धागा आहे आणि तो सध्या कुलूपबंद आहे. इथं विषयाला धरून लिहा. खालचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

पुण्यात_परभणीकर · मंगळवार, रात्री ११:३५

तेरणाकाठ, तुमच्या प्रश्नावर दोघंही बरोबर असंच म्हणावंसं वाटतं, कारण गाव तेच की वेगळं याला आत दडलेलं एखादं खरं उत्तर नाहीच. सगळी हकीकत सांगून झाली की वर सांगण्यासारखं काही उरत नाही. डेरेक पारफिट नावाच्या तत्त्वज्ञानं १९८४ साली हेच माणसाबद्दल म्हटलं आणि मग आमच्यासारख्यांची झोप उडाली.

त्याचा प्रसिद्ध दाखला : एक यंत्र तुमचा कणन् कण टिपून घेतं, इथला देह नष्ट करतं आणि मंगळावर नव्या द्रव्यातून हुबेहूब तसाच उभा करतं. त्याला सगळं आठवतं, तो तुमच्या बायकोला फोन करतो. तुम्ही गेलात की पोचलात? आता यंत्र सुधारलं. देह नष्ट न करताच टिपून घेतं. पण त्यात तुमच्या हृदयाला इजा झाली आणि तुम्ही चार दिवसांत जाणार. मंगळावरचा तुम्हाला धीर देतोय, मी सांभाळतो सगळं. तुम्हाला बरं वाटेल का?

पारफिट म्हणतो, "तो मीच का" हा प्रश्न सोडा. महत्त्वाचं असतं ते आठवणी, हेतू, स्वभाव यांचं पुढं जाणं, आणि ते कमी-जास्त प्रमाणात असतं, हो किंवा नाही असं नसतं. मग म्हातारपणीचा मी आजच्या मला थोडाच लागतो. तेव्हा चुलतभावाला पारफिट अर्धामुर्धा पाठिंबा देईल.

याच्यावर तोडगा म्हणून बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाचा १९७० मधला दाखला. तुम्हाला सांगितलं, उद्या तुमचा छळ होणार आहे. पण घाबरू नका, त्याआधी तुमच्या सगळ्या आठवणी पुसून टाकू. आता भीती गेली का? माझी तर दुप्पट झाली. म्हणजे आठवणी गेल्या तरी जो कळवळेल तो मीच, असं आतून वाटतंच. चुलतबहिणीची अंघोळ इथं बसते. थंड पाणी लागलं तर ओरडणारे आबाच आहेत.

बालाघाटी · बुधवार, सकाळी ११:०२

माझ्या तालुक्यात माणूस तोच का हे सिद्ध करायचा खात्रीलायक मार्ग आहे : नोटरी. सातबाऱ्यावर दत्तू मारुती, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय मारोतराव, आधारवर दत्ता मारोती. मग प्रतिज्ञापत्र करायचं, की "वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे". रीड-लॉक दोघांचं काम एका शिक्क्यात.

आणि देहावरून ओळखायचं म्हणता, तर ऊसतोडीहून आलेल्या बायांना विचारा. कोयत्यानं आणि पाचटानं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. कारखान्यावर जायच्या आधीची बाई आणि परत आलेली बाई मशीनला एक वाटत नाही. सहा महिने दुसऱ्याच्या उसात आणि आल्यावर स्वतःच्या धान्यासाठी स्वतःची साक्ष. हे लॉकला सुचलं नसतं.

पाडव्याची_पोर · बुधवार, रात्री ९:३०

दोन दिवस वाचतेय. चर्चा भारी आहे, पण सगळ्यांनी तोंड एकाच बाजूला केलंय.

माझे वडील सालगडी होते. कुठं ते सांगत नाही. सालगड्याला शब्द देणं म्हणजे काय असतं ते घरात बघितलंय. "तुला जमीन देईन" म्हटलं की पुढच्या पाडव्याला साल वाढवून मागायला जीभ उचलत नाही. दुसरीकडं जास्त मिळत असलं तरी माणूस जात नाही. पोरांना सांगतो, थोडं थांबा. म्हणजे तो शब्द नुसता आबांच्या डोक्यात नव्हता, तो मामाच्या सालातून दरवर्षी थोडा थोडा कापला गेलाय. आबांच्या डोक्यातून पुसला म्हणून तिकडचा हिशेब कसा पुसेल?

तुम्ही सगळे विचारताय, आबा तेच का. मामा तोच का, हे कोणी विचारलं नाही. कामून? शब्द ऐकला तेव्हा तो पोत्याला एकटा पाठ लावत असेल, आता कंबरेत वाकला असेल. केस, दात, ताकद, सगळं बदललं. तरी तो तोच, याबद्दल कोणाला शंका नाही, कारण त्याला आठवतंय. शब्दाला दोन टोकं असतात. एक टोक सुटलं, दुसरं धरून एक माणूस बसलाय ना.

आणि एक विचारू का, मांजराकाठ दादा? राग मानू नका. आबांना पेन्शन आहे का? असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोणाच्या नावानं देता? सातबारा कोणाच्या नावावर आहे? तेव्हा "ते आबा आता राहिले नाहीत" असं कोणी म्हणतं का? घ्यायच्या वेळेला माणूस तोच असतो, द्यायच्या वेळेला तत्त्वज्ञान सुचतं.

नर्सताई_नांदेड · बुधवार, रात्री ९:४१

+१. शेवटचं वाक्य वॉर्डात लावून ठेवावं म्हणते.

बालाघाटी · बुधवार, रात्री ९:४४

लई जोरात.

पुण्यात_परभणीकर · बुधवार, रात्री १०:२०

ताई, मान्य. पण चुलतभावाला अगदीच चोरांच्या रांगेत बसवू नका, नागसेनवनी सर. त्याचीही एक बाजू असू शकते. समजा आबांच्या औषधपाण्याला, रात्रंदिवस माणूस ठेवायला पैसा लागतोय आणि तो त्याच दोन एकरांतून येणार आहे. मग एका बाजूला जुन्या आबांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला आजच्या आबांची गरज. कोणाचं ऐकायचं?

यावर परदेशात मोठा वाद झाला. रोनाल्ड ड्वर्किन हा कायद्याचा अभ्यासक १९९३ मध्ये म्हणाला, बुद्धी शाबूत असताना माणसानं आपल्या आयुष्याबद्दल जे ठरवलं, ते नंतर त्याला आठवत नसलं तरी पाळा, तोच त्याचा मान. रिबेका ड्रेसर म्हणाली, समोर बसलेल्या माणसाचं आजचं सुखदुःख बघा, जे त्याला कळतच नाही त्या जुन्या इच्छेसाठी त्याला का त्रास? आपल्याकडेही २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवण्याबद्दल आधी लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली. म्हणजे आधीच्या "मी"नं नंतरच्या "मी"बद्दल ठरवायचं, हे आपण कायद्यानं मान्य केलंय.

पाडव्याची_पोर · बुधवार, रात्री १०:३४

औषधाला पैसे लागत असतील तर तसं सांगा की मामाला. तो ऐकेल. "आबा ते आबा नाहीत" म्हणायची काय गरज? अडचण आणि पळवाट यात फरक आहे.

मांजराकाठ · गुरुवार, सकाळी ७:४५

रात्री सगळं वाचलं. पेन्शन आहे, दाखला मीच नेऊन देतो. ताई, राग नाही.

वकीलसाहेब, जमीन आबांनी स्वतः घेतलेली आहे, वडिलोपार्जित नाही. चुलतबहिणीला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "नागसेनाचं बरोबर आहे, पण मी काही दही सांभाळत नाही, मी बापाला सांभाळते." चुलतभाऊ म्हणतो, पारफिट कोण, त्याचं अजून काहीतरी पाठव. उपचाराच्या खर्चाचा मुद्दा त्यानं आतापर्यंत कधी काढला नव्हता, आता काढेल. (परभणीकर, तुमचे आभार मानू की नको?)

मला स्वतःला आता लॉकचा राग येत नाही. तोच म्हणतो, की दारूच्या नशेत केलेलं आठवत नसलं तरी कोर्ट शिक्षा देतं आणि बरोबर देतं, कारण कृत्य शाबीत होतं, विसरणं शाबीत करता येत नाही. खरा निवाडा जगाच्या शेवटच्या दिवशी देवापुढं, तिथं न आठवणाऱ्या गोष्टीचा जाब कोणाला द्यावा लागणार नाही. म्हणजे आपला नियम तो माणसांच्या कोर्टात लागू करायला स्वतःच कचरतो.

वकील_अंबाजोगाई · गुरुवार, सकाळी ९:१०

स्वकष्टार्जित असेल तर आबा हयात असेपर्यंत मुलांना आपल्या मनानं त्यातून काही देता येत नाही. आबांच्या पश्चात मुलांच्या हिश्श्याला येईल तेव्हा ज्याला द्यायचं त्यानं आपल्या हिश्श्यातून रीतसर बक्षीसपत्र करावं. तोवर मामांना वाऱ्यावर सोडायचं नसेल तर भाऊ-बहिणींनी आपसांत कागद करून ठेवा. आणि हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी शब्द दिले असतील तर शुद्धीत आहात तोवर रजिस्ट्री ऑफिसला जाऊन या.

कोरडवाहू · गुरुवार, दुपारी ३:१८

जमिनीवर सगळे बोलून झालेले दिसतात, आता मी तत्त्वज्ञानावर बोलतो.

आमचे आजोबा रझाकारांच्या काळातली गोष्ट सांगायचे. ज्वारीच्या कणगीत लपले, बाहेर घोड्यांच्या टापा, धुळीनं शिंक येत होती ती नाक दाबून धरली. सांगताना अंगावर काटा यायचा, त्यांच्याही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. आजोबांचा जन्म १९५१चा. कणगीत त्यांचा मोठा भाऊ होता. पण त्यांना ते खरंच आठवायचं, खोटं बोलत नव्हते. मग लॉकच्या नियमानं कणगीतला पोरगा कोण?

योगेश्वरी · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

कोरडवाहू, हसत हसत नेमकं बोट ठेवलंत. १७३६ मध्ये जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरूनं हेच धरलं होतं. खरी आठवण कोणती आणि भास कोणता, हे ठरवायला आधी माहीत पाहिजे की तिथं तोच होता का. म्हणजे आठवणीवरून "तोच" ठरवायचं आणि "तोच" वरून आठवण ठरवायची, नुसतं गोल गोल फिरणं. परवा मी खूण आणि वस्तू म्हटलं ते यासाठीच.

निवृत्त_मास्तर · गुरुवार, रात्री ८:०५

बटलरला उत्तर आहे. सिडनी शूमेकर या तत्त्वज्ञानं १९७० मध्ये "अर्ध-आठवण" अशी सोय काढली : अनुभव कोणालातरी झाला, त्यातून योग्य मार्गानं ही आठवण आली, एवढंच म्हणायचं, "मला झाला" हे आधीच गृहीत धरायचं नाही. आता अडचण "योग्य मार्ग" कोणता ही. भावानं रोज रात्री सांगितलेली गोष्ट धाकट्याच्या अंगात भिनली, हा मार्ग योग्य का नाही, हे मला तरी चटकन सांगता येत नाही. आजोबांना कणगीतली ज्वारी कशी लागायची, टोचायची की बोचायची, असले बारकावे भावानं सांगितलेले होते की त्यांनी स्वतः घातलेले, काही आठवतं का?

कोरडवाहू · गुरुवार, रात्री ८:३१

शिंकेचं आजोबांचं स्वतःचं असणार. थोरल्या आजोबांच्या गोष्टीत शिंक नव्हती, त्यात कुत्रं होतं.